जॉयसीचे तीन होकार

शिरोड्याच्या किनाऱ्यावर पिवळा टी-शर्ट घालून, गळ्यात शिटी अडकवून उभी राहणारी जॉयसी रॉड्रिक्स मूळची आरोंद्याची. रोज सकाळी स्कूटरवरून रेडीमार्गे यायची, सुरूच्या बनाशी गाडी लावायची आणि शेवटचा पर्यटक पायाची वाळू झटकून गाडीत बसेपर्यंत तिथून हलायची नाही. ग्रामपंचायतीने तिला जीवरक्षक म्हणून कंत्राटावर घेतलं होतं. अडीच वर्षांत तिने नऊ माणसं पाण्यातून ओढून काढली. त्यांतली सात वाचली. न वाचलेल्या दोघांची नावं तिला पाठ होती. सातांची विचारली तर आठवावी लागत.

पाण्याशी तिची ओळख बापाने करून दिली. ब्लेझ रॉड्रिक्स आरोंद्याच्या खाडीत होडी घालायचा, मासे मारायचा आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचा. लेक सात वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला होडीतून पन्नास हात आत नेलं, हळूच पाण्यात सोडलं आणि म्हणाला, “मी घराक जातंय. तू ये मागसून.” आणि खरंच वल्हं मारत निघाला. अर्थात वळून वळून बघत होता, पण ते जॉयसीला पुष्कळ वर्षांनी आईकडून कळलं.

सहा वर्षांपूर्वी ब्लेझ धक्क्यावर जाळं उचलतानाच छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून दर सोमवारी आई बर्नादेत आणि जॉयसी चर्चमागच्या दफनभूमीत जायच्या, मेणबत्ती लावायच्या आणि आठवड्याची हकिगत त्याच्या कानावर घालायच्या. बर्नादेत बालवाडीत शिकवायची. ती शाळेतलं आणि शेजारपाजारचं सांगायची. जॉयसी समुद्रातलं सांगायची. भरती कशी होती, वारा कुठला होता, कोण वेडा माणूस लाल बावटा बघूनही आत शिरला. त्या गावात कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. शेजारचे हिंदू लोक गावाची हद्द सांभाळणाऱ्या, कुणाला न दिसणाऱ्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचे, आणि ब्लेझ स्वतः होडी लोटण्याआधी खाडीकाठच्या क्रुसाला हात लावायचा आणि पलीकडच्या राखणदाराच्या दगडालाही. दोघांतला एक रागावलेला परवडणार नाही, असं त्याचं म्हणणं.

जॉयसी साडेसत्तावीस वर्षांची झाली तेव्हा बंदर संरक्षण दलाची भरती निघाली. गस्तीच्या बोटीवर काम, खांद्यावर पट्टी, कायमची नोकरी. वयाची अट अठ्ठावीस. म्हणजे तिच्यासाठी ही पहिली आणि शेवटची संधी. तिने सावंतवाडीत समर्थ सरांच्या भरती अकादमीत नाव घातलं. पहाटे तळ्याभोवती धावायचं, मग स्कूटरने शिरोड्याला ड्युटीवर. मैदानी परीक्षेत आठशे मीटर तिने दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांत मारले. पोहण्यात तर ती पाण्यातून बाहेर येऊन केस पिळत होती तेव्हा दुसरी मुलगी अजून वीस हात मागे होती. लेखी परीक्षाही निघाली. राहिली फक्त मानसशास्त्रीय चाळणी.

ही चाळणी दलाने एका खासगी कंपनीकडे सोपवली होती. उमेदवाराने कुठे जायचं नाही, आपल्या गावातच कॉम्प्युटरपुढे बसायचं. दोनशे चाळीस प्रश्न, चाळीस मिनिटं, उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. नंतर बारा मिनिटं तज्ज्ञाशी कॅमेऱ्यावर बोलणं. खोलीत दुसरं कुणी नको आणि नजर पडद्यावरून हलता कामा नये.

आरोंद्याच्या बाजारात जॉयसीच्या मावसभावाचं, कॉनरॅडचं, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. त्याने सकाळीच शटर अर्धं ओढलं, आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि स्वतः बाहेर बाकावर राखणीला बसला. आत जॉयसी घामाने निथळत प्रश्न वाचत होती. प्रश्नांची मराठी अशी, की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरावी.

‘आपण मृत व्यक्तींशी संभाषण करता का?’ तिला सोमवार आठवला. तिने ‘होय’ दाबलं.

‘एखादी अदृश्य शक्ती आपल्यावर लक्ष ठेवून आहे असे आपणास वाटते का?’ तिला क्रूस आठवला, राखणदार आठवला. अख्ख्या गावाला वाटतं ते आपल्याला वाटत नाही असं कसं म्हणायचं? ‘होय’.

‘पाण्यात झोकून द्यावे अशी तीव्र इच्छा आपणास वारंवार होते का?’ इथे तर ती हसलीच. शनिवार-रविवारी दिवसातून चारदा होते. ‘होय’.

मग पडद्यावर कानाला हेडफोन लावलेला एक तरुण आला. पुण्याकडचा असावा. चेहरा सभ्य, पण घाईतला. दिवसातली कितवी मुलाखत होती कोण जाणे.

“तुम्ही वडिलांशी बोलता असं लिहिलंय. ते हयात नाहीत ना?”

“नाहीत. सोमवारी बोलतो आम्ही.”

“फक्त सोमवारी?”

“आणि दोन नोव्हेंबरला. त्या दिवशी सगळ्याच मेलेल्यांशी बोलतात.”

त्याने काहीतरी टाइप केलं. पुढचा प्रश्न त्याने विचारला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. आरोंद्याचं नेटवर्क बसलं होतं. दीड मिनिटाने चित्र हललं तेव्हा तो विचारत होता, “मॅडम, तुम्ही अशा एकटक का बघताय? बोलत का नाही?”

“मी तेच तुम्हांला विचारणार होते,” जॉयसी म्हणाली. तो हसला नाही.

नवव्या दिवशी निकाल संकेतस्थळावर लागला. नाव, बैठक क्रमांक आणि पुढे ठळक अक्षरांत: ‘अयोग्य. कारण: मानसिक जोखीम संकेत.’ यादी सगळ्यांना उघडी होती. कुणीतरी त्या यादीचा फोटो काढून अकादमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, आणि दुपारपर्यंत शिरोड्याच्या मासळी बाजारात रॉड्रिक्सांच्या पोरीच्या डोक्यात बिघाड असल्याचं ठरूनही गेलं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीतर्फे किनाऱ्याची देखरेख करणारा मितेश तिच्यापुढे येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

“जॉयसी, रागाव नको. थोडे दिवस इश्रांती घे.”

“कित्या?”

“लोकांनी निकाल वाचलो. उद्या काय वायट झाला तर माका विचारतले, अशा माणसाक पाण्याकडे कित्या ठेवलंस म्हणून.”

“अशा म्हणजे कशा?”

मितेश वाळूकडे बघत राहिला. “मी नाय म्हणत. कागद म्हणता.”

“कागदान आजपर्यंत कोणाक पाण्यातसून काढल्यान?” जॉयसीने विचारलं. पण टी-शर्ट तिने दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून पंचायतीत नेऊन दिला आणि तो मिळाल्याची पोचही लिहून घेतली.

सावंतवाडीला समर्थ सरांनी तिला खुर्चीवर बसवून चहा मागवला. त्यांच्याकडे उपाय तयार होता. इतर दलांच्या गेल्या दोन भरतींत त्यांनी तो सात-आठ मुलांसाठी वापरला होता.

“एक अर्ज करायचा. नेटवर्क खराब होतं, हाताला घाम होता, चुकून बटण दाबलं गेलं. ते फेरपरीक्षा देतात. आणि मग असल्या सगळ्या प्रश्नांना ‘नाही’. मी वर्गात सांगितलं होतं. त्या दिवशी तू ड्युटीवर होतीस.”

“पण सर, बटण चुकून दाबलं नाही.”

“ते तुला माहीत. त्यांना कुठे माहीत आहे?”

बाजूला दिव्या बसली होती. मळगावची, जॉयसीबरोबर तळ्याभोवती धावलेली, आणि यादीत ‘योग्य’ ठरलेली. ती म्हणाली, “गो, आमच्या घरात दर वर्षी राखणदाराक कोंबो देतत. मी सोता हात जोडून उभी रवतंय. पण मी ‘नाही’ दाबलंय. सगळ्यांनीच दाबल्यानी. तितक्या काय मनाक लावून घेवचा नसता.”

“तुका दोष देणा नाय मी,” जॉयसी म्हणाली. “पण त्याच कागदार वर काय लिवलेला माहीत आसा? ‘उमेदवाराने प्रामाणिकपणे उत्तरे द्यावीत.’ वर्दी घालूची आणि पयल्याच कागदार खोटा लिवूचा? माका जमाचा नाय.”

समर्थ सर वैतागले. “मग बस किनाऱ्यावर!”

“तिथूनही काढलंय, सर,” ती म्हणाली आणि चहा संपवून उठली.

कॉनरॅडच्या दुकानात बसून तिने दलाच्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात स्वतःचा अहवाल मागितला. महिन्याभराने चार पानं आली. कॉनरॅडने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर थांबला. जॉयसीने कागद त्याच्या हातातून घेतले. ‘वास्तवाशी संपर्क क्षीण. मृत पित्याशी नियमित संवाद. आत्मघाताची प्रवृत्ती संभवते. मुलाखतीत सुमारे नव्वद सेकंद भावशून्य, एकटक नजर.’

“ह्या तर आमचा नेटवर्क!” कॉनरॅड ओरडला. “नेटवर्काक खुळा ठरवल्यानी आणि नाव तुजा घातल्यानी!”

जॉयसी हसली नाही. आत्मघात हा शब्द ती पुन्हा पुन्हा वाचत होती. न वाचलेल्या दोघांतला एक आपल्या पायांनी आत गेला होता. त्याला बाहेर काढताना तिचा खांदा निखळला होता. या शब्दाचं वजन त्या कागदावाल्यांपेक्षा तिला जास्त माहीत होतं, आणि तोच शब्द तिच्या नावापुढे लिहिला होता.

तिने अपील केलं. अर्ज साध्या मराठीत लिहिला, दीड पान. शेवटी एक मागणी: मला प्रश्न विचारणाऱ्याने माझं उत्तर पूर्ण ऐकावं.

मधल्या काळात ती घरी बसली नाही. रोज सकाळी स्कूटर काढायची आणि शिरोड्याला जायची. साध्या कपड्यांत, नेहमीच्याच जागी उभी राहायची. तिसऱ्या दिवशी मितेश धावत आला.

“तुका ड्युटी नाय हा, जॉयसी.”

“माहीत आसा.”

“मगे हय काय करतस?”

“समुद्र बघतंय. त्येका परवानगी लागता?”

मितेश आल्या वाटेने परत गेला. तिच्या जागी आलेला मुलगा कुडाळचा होता, तलावात पोहायला शिकलेला. ओहोटीच्या वेळी पाणी कुठून आत ओढतं, ते जॉयसीने त्याला वाळूवर रेघ मारून दाखवलं. त्याच्याशी तिचं काही वैर नव्हतं.

दीड महिन्याने अपिलाची मुलाखत लागली. पुन्हा तेच दुकान, तेच अर्धं शटर. या वेळी कॉनरॅडने नेटवर्कसाठी शेजारच्या पतपेढीतून वायर ओढून घेतली होती. पडद्यावर पन्नाशीच्या एक बाई होत्या. डॉ. अक्षया जोगळेकर, दलाने नेमलेल्या वरिष्ठ मानसतज्ज्ञ. त्यांच्यापुढे तेच चार कागद होते, पण त्या जॉयसीकडे बघून बोलत होत्या.

“वडिलांशी बोलता. काय बोलता?”

“समुद्र कसा होता ते सांगते. आई शाळेतलं सांगते.”

“ते उत्तर देतात?”

हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. जॉयसी म्हणाली, “नाही हो. जिवंत होते तेव्हासुद्धा फारसं देत नव्हते.”

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. “अमुक कर, तमुक कर, असा आवाज कधी ऐकू येतो?”

“नाही.”

“आणि ही अदृश्य शक्ती?”

“आमच्या गावाला राखणदार आहे. मी त्याला बघितलेला नाही, पण त्याच्या हद्दीतून जाताना कुणी वाकडं बोलत नाही. शिरोड्याच्या शेजारी आरवलीत वेतोबा रात्री गावात फेरी मारतो म्हणून लोक त्याला चपलांचा जोड वाहतात. वर्दीतली माणसंसुद्धा येतात जोड घेऊन, मी पाहिलंय. त्यांनी या प्रश्नाला काय उत्तर दिलं असेल, मॅडम? मी एकटीच खरं बोलले म्हणून मी एकटीच आजारी?”

डॉक्टर काही लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “पाण्यात झोकून द्यावंसं वाटतं?”

“माझं ते काम होतं. कुणी बुडत असलं की वाटायचं. मी ‘नाही’ लिहिलं असतं तर तुम्ही मला नापास करायला हवं होतं. बोटीवर तुम्हांला कसली माणसं हवीत?”

बारा मिनिटांची मुलाखत पन्नास मिनिटं चालली. झोपेचं विचारलं, रागाचं विचारलं, न वाचलेल्या दोघांचं विचारलं. त्या दोघांबद्दल बोलताना जॉयसीचा आवाज फाटला आणि तिने तो सावरायचा प्रयत्न केला नाही. शेवटी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“माझ्या मते तुम्ही पूर्ण योग्य आहात. मी तसं लिहीन. एक छोटी गोष्ट आहे. कंपनीने एक नमुना दिलाय. ‘प्रश्न समजण्यात माझा गैरसमज झाला’ असं लिहून सही केलीत की निकाल आठवड्यात बदलतो. तुकडी एक तारखेला प्रशिक्षणाला निघतेय. तुम्ही तिच्याबरोबर जाऊ शकाल.”

“आणि सही नाही केली तर?”

“मग फाइल समितीपुढे जाईल. चार महिने, सहा महिने. मी खात्री देऊ शकत नाही.”

जॉयसीने पडद्याकडे बघितलं. “गैरसमज माझा झाला नव्हता, मॅडम. मला प्रश्न समजले होते. माझं उत्तर त्यांना समजलं नाही. मग सही त्यांनी करावी.”

“तुमचं वय निघून जाईल.”

“जाईल.”

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, “ठीक आहे. तुमचं हे वाक्य मी जसंच्या तसं फाइलीत लिहिते.”

घरी कळलं तेव्हा बर्नादेतने हातातली वाटी आदळली. “एक सही गो! एक सही! तुज्या बापाशीची होडी गेली, जाळा गेला, मी बालवाडीत पोरांची नाका पुसतंय. आणि तू हातात इल्ली नोकरी लाथाडतस?”

“माय, त्या सहीन मी खुळी नाय ठरलंय तरी ढ ठरतलंय.”

“ठर! ढ माणसांका पगार मिळता!”

तीन आठवडे माय लेकीशी कामापुरतंच बोलली. सोमवारी दफनभूमीतसुद्धा तिने नवऱ्याला ऐकवलं ते लेकीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. एक तारखेला दिव्याची तुकडी बसने निघून गेली. जॉयसी सावंतवाडीच्या स्टँडवर तिला पोचवायला गेली, बॅग वर चढवून दिली आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिली. परतीच्या वाटेवर स्कूटर बाजूला लावून ती काजूच्या बागेशी बराच वेळ रडली. आपण चुकलो की काय, हा विचार तिच्या मनात त्या दिवशी आला, आणि नंतरही कित्येकदा आला. फेब्रुवारीत तिला अठ्ठावीस वर्षं पूर्ण झाली.

मेच्या सुट्टीत शिरोड्याला गर्दी लोटली. एका रविवारी ओहोटीत कॉलेजची तीन मुलं आत ओढली गेली. कुडाळचा मुलगा एकाला घेऊन आला. बाकी दोघांना जॉयसीने अंगावरच्या कपड्यांनिशी जाऊन काढलं. तिघेही वाचले. मितेश दुसऱ्याच दिवशी पिवळा टी-शर्ट घेऊन तिच्या घरी आला.

“चल, ये उद्यापासून.”

“लिवन दी,” जॉयसी म्हणाली. “माका कित्या काढलास आणि आता कित्या घेतास, दोन्ही.”

“तोंडान सांगतंय ना?”

“काढलास तेवा कागद बघून काढलास. घेताना पण कागद होयो.”

मितेशने पंचायतीच्या कागदावर, सही-शिक्क्यासह लिहून दिलं. त्याला तीन मसुदे करावे लागले. पहिल्या दोनांत त्याने ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ असं लिहिलं होतं आणि जॉयसीने ते खोडायला लावलं.

समितीचं पत्र जूनच्या अखेरीस आलं. उमेदवाराच्या उत्तरांत कोणतीही विसंगती आढळली नाही. निकाल बदलून ‘योग्य’ करण्यात येत आहे. वय मूळ अर्जाच्या तारखेप्रमाणे धरावं, पुढच्या तुकडीत जागा द्यावी. खाली आणखी एक ओळ होती: किनारपट्टीच्या जिल्ह्यांतल्या, याच तीन प्रश्नांवरून बाद झालेल्या आणखी चौदा उमेदवारांची नव्याने मुलाखत घेण्यात यावी. चौदांची नावं नव्हती. ती कुठली, कोण, जॉयसीला कधी कळलं नाही. पण पत्रातली तीच ओळ तिने बर्नादेतला दोनदा वाचून दाखवली. बर्नादेतने चष्मा पुसला आणि भातावर झाकण ठेवलं.

पत्राची झेरॉक्स घेऊन जॉयसी शिरोड्याला पंचायतीत गेली आणि सूचनाफलकावर लावायला मागितली.

“आता कित्या?” मितेश म्हणाला. “सगळ्यांक कळला.”

“कळला ता कानात कळला. आता वाचून कळान्दे.”

फलकावर ती झेरॉक्स पावसाळाभर राहिली.

सध्या जॉयसी प्रशिक्षणात आहे. रविवारी आईला फोन करते. पोहण्यात ती सगळ्या मुलामुलींच्या आधी बाहेर येते, बोट वळवण्यात प्रशिक्षकांना चुका दाखवते आणि त्याबद्दल जादा कवायत करते. धावण्यात मात्र तिसरी येते. पुढे असलेल्या दोघी तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान आहेत, असं बर्नादेत तिला समजावते. जॉयसी ते ऐकून घेत नाही.